मृगातील तेजोमेघाचे छायाचित्रण : तयारीपासून अंतिम चित्रापर्यंत, टप्प्याटप्प्याने

हौशी आकाश-छायाचित्रकारांच्या चित्रांमध्ये काही दोष पुन्हा पुन्हा दिसतात: तारे ठिपक्यांऐवजी छोट्या रेघांसारखे, तेजोमेघाचा गाभा पांढऱ्या डागासारखा जळालेला, पार्श्वभूमी एका कोपऱ्यात लालसर तर दुसऱ्या कोपऱ्यात हिरवट, आणि हे सारे झाकण्यासाठी आकाश कोळशासारखे काळे केलेले. यांतील बहुतेक दोष महागड्या उपकरणांच्या अभावामुळे येत नाहीत. एखादी पायरी गाळली जाते किंवा पायऱ्यांचा क्रम बदलतो, आणि मग पुढच्या पायरीत ती चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून येथे एकच लक्ष्य घेऊन, म्हणजे मृग नक्षत्रातील एम ४२ हा तेजोमेघ घेऊन, संपूर्ण क्रम मांडला आहे. साधने साधी गृहीत धरली आहेत: एपीएस-सी आकाराच्या संवेदकाचा, बदल न केलेला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स, छोटा स्टार ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारे यंत्र) आणि भक्कम तिपाई.

हेच लक्ष्य निवडण्यामागे कारण आहे. साध्या कॅमेऱ्याच्या संवेदकापुढील गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवते. त्यामुळे रोझेट किंवा अश्वमुख यांसारखे, जवळजवळ केवळ त्याच प्रकाशात दिसणारे विषय नवख्याला निराश करतात. एम ४२ मुळातच तेजस्वी आहे आणि त्याच्या गाभ्यात आयनीभूत ऑक्सिजनचा निळसर हिरवा प्रकाशही भरपूर आहे, म्हणून कॅमेऱ्यात कोणताही फेरफार न करता तो उत्तम टिपता येतो.

टप्पा १ : रात्र आणि जागा निवडणे

पुण्याच्या अक्षांशावरून हा तेजोमेघ याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण काल्पनिक रेषेवर) येतो तेव्हा दक्षिणेकडे सुमारे ६६ अंश उंच असतो. डिसेंबरच्या मध्यात ही वेळ मध्यरात्रीनंतर साधारण अर्ध्या तासाने येते आणि पुढे रोज सुमारे चार मिनिटे अलीकडे सरकत जाते, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस ती रात्री साडेनऊच्या आसपास असते. याम्योत्तराच्या अलीकडे-पलीकडे साडेतीन तास तो ३० अंशांच्या वर राहतो. त्याखाली असताना घेतलेल्या फ्रेम (एकेक छायाचित्रे) धूसर हवेमुळे फारशा उपयोगी पडत नाहीत.

चंद्राचा हिशेब केवळ ‘अमावास्येच्या आसपास’ एवढ्यावर सोडू नये. भिंतीवरची दिनदर्शिका पाहून तिथीनुसार नियोजन केले तर अधिक रात्री हाती लागतात. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून फेब्रुवारीत संध्याकाळी काम करणाऱ्याला कृष्ण सप्तमीपासूनच अंधार मिळतो. डिसेंबरात हा हिशेब उलटा होतो: शुक्ल सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरचे साडेतीन-चार तास तेजोमेघ पुरेसा उंच असतो.

जागा निवडताना दक्षिण दिशा काळोखी हवी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ट्रॅकर ध्रुवताऱ्यावरून जुळवायचा असल्याने उत्तर दिशा मोकळी हवी हे विसरले जाते, आणि महाराष्ट्रात ही चूक फार महागात पडते. ध्रुवताऱ्याची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असल्याने तो पुण्यातून सुमारे साडेअठरा, कोल्हापुरातून पावणेसतरा, तर नागपुरातून एकवीस अंशांवरच दिसतो. एखादी टेकडी, आमराई किंवा उत्तरेकडील शहराचा प्रकाश त्याला सहज गिळून टाकतो. कोकणात पहाटेचे धुके, ऊसपट्ट्यात हिवाळ्यात पाचट जाळल्याचा धूर आणि दिवाळीनंतरच्या दोन-तीन दिवसांची धुरकट हवा, ही कारणे ढगांच्या अंदाजात दिसत नाहीत, म्हणून त्यांची वेगळी चौकशी करावी.

इशारा: वनक्षेत्रात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात रात्री थांबण्यासाठी परवानगी आधी घ्यावी. पेंच व्याघ्र प्रकल्पाचे आकाश २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून प्रमाणित झाले असले, तरी तेथेही ठरवून दिलेल्या जागेवरच बसायचे असते. खासगी शेतात जाणार असल्यास मालकासोबत पोलीस पाटलांनाही कल्पना द्यावी, कारण मध्यरात्री माळावर लाल दिवा लावून बसलेली माणसे पाहून गावकऱ्यांना शंका येणे स्वाभाविक आहे.

टप्पा २ : घरी करायची तयारी

मैदानात अंधारात करावयाची प्रत्येक कृती आधी घरी, दिवसा उजेडी एकदा करून पाहावी. ट्रॅकरवर कॅमेरा आणि लेन्स बसवून दोन्ही अक्षांवर तोल साधावा. उत्पादकाने सांगितलेल्या भारक्षमतेच्या निम्म्याच्या आसपास राहणे शहाणपणाचे, कारण ती मर्यादा छायाचित्रणाच्या दृष्टीने नेहमीच जरा उदार असते. आपल्यासारख्या कमी अक्षांशावर आणखी एक अडचण येते: ध्रुवाक्ष (ट्रॅकर ज्याभोवती फिरतो आणि जो खगोलीय ध्रुवाकडे रोखायचा असतो तो अक्ष) जवळजवळ आडवा असल्यामुळे प्रतिभाराचा, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाचा, दांडा जवळजवळ उभा लोंबतो आणि काही ट्रॅकरमध्ये तो तिपाईच्या पायाला अडतो. तो पूर्ण फिरतो का, हे घरीच फिरवून पाहावे.

कॅमेऱ्याच्या मांडणीत पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात: नोंद रॉ (संवेदकाची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) स्वरूपात, जेपेगमध्ये नव्हे, दीर्घ एक्स्पोजरमधील नॉइज रिडक्शन बंद, अन्यथा कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ वाया घालवतो, लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा बंद, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर स्थिर. बॅटऱ्या किमान दोन, इंटरव्हॅलोमीटर (ठरलेल्या अंतराने आपोआप फ्रेम घेणारे यंत्र), लाल प्रकाशाचा टॉर्च, लेन्सला गुंडाळायची हीटर पट्टी, पॉवर बँक आणि कागदी चिकटपट्टी पिशवीत असावी. हीटर पट्टी नसल्यामुळे जितक्या रात्री वाया जातात, तितक्या बहुधा ढगांमुळेही जात नसाव्यात. दव पडू लागल्याचे डोळ्यांना कळत नाही, तारे हळूहळू फुगत जातात आणि ते दुसऱ्या दिवशी संगणकावरच लक्षात येते.

टप्पा ३ : ध्रुवाक्ष जुळवणे

तिपाई भक्कम जमिनीवर, समतल ठेवावी. मऊ नांगरलेल्या रानात ती तासाभरात खचते. ट्रॅकरच्या अक्षांश-पट्टीवर आपला अक्षांश लावून अक्ष उत्तरेकडे वळवला की ध्रुवतारा पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या अक्षातील छोट्या दुर्बिणीत) यायला हवा. होकायंत्र वापरताना ते कॅमेऱ्यापासून आणि लोखंडी वस्तूंपासून दूर धरावे.

येथे नेहमीची चूक म्हणजे ध्रुवतारा अगदी मध्यावर आणून थांबणे. ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासापेक्षा थोडा अधिक दूर आहे. पोलर स्कोपमधील वर्तुळावर त्या क्षणी तो कोणत्या ठिकाणी असायला हवा, हे मोबाइलवरील ॲप वेळ आणि ठिकाण यांवरून दाखवते. तो तेथेच बसवावा. कॅमेरा आणि लेन्स बसवल्यावर ही जुळणी पुन्हा पाहावी, कारण वजनामुळे अक्ष थोडा झुकतो.

ध्रुवतारा दिसतच नसेल, तर दिगंश (अक्षाचे पूर्व-पश्चिम वळण) जुळवण्यासाठी मृगाच्या पोटातील बाणाचा उपयोग होतो. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा तारा खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ खेटून आहे. तो याम्योत्तरावर असताना लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून, ट्रॅकर चालू ठेवून पाच मिनिटे पाहावा. तो दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष गरजेपेक्षा पूर्वेकडे वळला आहे, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेकडे. सरकणे थांबेपर्यंत अक्ष थोडा थोडा वळवावा.

तपासणी: ६० सेकंदांची एक फ्रेम घेऊन ती मोठी करून पाहावी. तारे गोल दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. येथे वाचवलेली पंधरा मिनिटे पुढे सारी रात्र खातात.

ट्रॅकरशिवाय चालेल का, असे नेहमी विचारले जाते. ‘पाचशेचा नियम’ सांगतो की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागून येईल तितके सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात. हा नियम आजच्या बारीक पिक्सेलांसाठी निरुपयोगी आहे. पिक्सेल ४ मायक्रॉनचा आणि लेन्स २०० मिलिमीटरची असेल, तर एक पिक्सेल आकाशाच्या सुमारे ४ विकलांइतका (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भाग व्यापतो, आणि विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे एका सेकंदातच तो साडेतीन पिक्सेलांहून अधिक लांबतो. ट्रॅकर नसेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सवर, प्रत्येकी दोन सेकंदांहून कमी एक्स्पोजरच्या शेकडो फ्रेम घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

टप्पा ४ : फोकस

फोकस चुकला तर पुढची सर्व मेहनत व्यर्थ जाते, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. व्याध किंवा राजन्य (मृगातील रायजेल) यांपैकी एक तेजस्वी तारा चौकटीच्या मध्याजवळ आणावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करावा आणि लेन्ससमोर बाहतिनोव्ह मास्क (तिरक्या खाचा असलेली चकती) लावावा. ताऱ्यातून तीन किरणरेषा फुटलेल्या दिसतात: दोन तिरक्या रेषा एकमेकींना छेदून फुलीसारख्या स्थिर दिसतात आणि तिसरी, मधली रेषा फोकस रिंग फिरवताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकते. ती फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस साधला. रिंग एकाच दिशेने येऊन थांबवावी, पुढे गेल्यास मागे बरेच यावे आणि पुन्हा त्याच दिशेने जावे, म्हणजे रिंगमधील ढिलाईचा त्रास होत नाही. मग रिंगवर चिकटपट्टी लावावी आणि मास्क काढावा. मास्क काढायचा राहून गेल्याने पहिल्या वीस-तीस फ्रेम वाया घालवणारे दर शिबिरात एक-दोघे तरी सापडतात.

लेन्सवर ‘अनंत’ अशी खूण असते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. माळावर रात्री दहा ते दोनच्या दरम्यान तापमान बरेच उतरते आणि फोकसही सरकतो, म्हणून दर तासाला तपासणी करावी.

टप्पा ५ : चौकट आणि एक्स्पोजर

बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची एक लहान ओळ दिसते. तिच्या मध्यावरचा धूसर ठिपका म्हणजे आपले लक्ष्य. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स सुमारे ६.७ बाय ४.५ अंशांचा भाग टिपते. कॅमेऱ्याची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली तर बाण आणि तेजोमेघ दोन्ही एका चौकटीत बसतात. फक्त तेजोमेघ हवा असला, तरी त्याला भरपूर मोकळे आकाश सोडावे, कारण पुढे पार्श्वभूमी सपाट करताना त्या रिकाम्या जागेचीच गरज लागते.

लेन्स एफ/२.८ ची असली तरी एफ/४ वर आणावी, कोपऱ्यातील तारे सुधारतात. आयएसओ ८०० पासून सुरुवात करावी. आयएसओ वाढवल्याने जास्त प्रकाश गोळा होत नाही, उलट तेजस्वी भाग लवकर जळतात. एक फ्रेम ६० सेकंदांची घेऊन हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ आहेत हे दाखवणारा डोंगरासारखा आलेख) पाहावा: डोंगराचा डावा पायथा डाव्या कडेपासून स्पष्ट सुटलेला आणि शिखर साधारण एक-चतुर्थांशाच्या आसपास असावे. शहराजवळ ३० सेकंदांतच ते तेथे पोचेल, काळोख्या माळावर १२० सेकंदही लागतील.

येथे एम ४२ चा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. त्याचा गाभा आणि बाहेरील पंख यांच्या तेजात इतका फरक आहे की कोणतेही एकच एक्स्पोजर दोघांना न्याय देऊ शकत नाही. ६० सेकंदांत गाभ्यातील ट्रॅपेझियमचे चार तारे प्रकाशात बुडून जातात. म्हणून दोन संच घ्यावेत: लांब संच ६० सेकंदांच्या किमान १०० फ्रेमचा आणि आखूड संच ५ सेकंदांच्या तीसेक फ्रेमचा. आखूड संच आधी घ्यावा, म्हणजे ढग आले तरी तो हाती राहतो.

या फ्रेम पुढे संगणकावर एकत्र करून एकच चित्र, म्हणजे स्टॅक, बनवतात. फ्रेमची संख्या जितकी जास्त तितका गोंगाट (चित्रातील कणीदारपणा) कमी होतो, पण तो संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात: २५ फ्रेमऐवजी १०० घेतल्या तर गोंगाट निम्मा होतो. त्यामुळे चार रात्री चार विषय घेण्यापेक्षा चारही रात्री एकच विषय घेणारा पुढे जातो.

दर आठ-दहा फ्रेमनंतर चौकट काही पिक्सेल हलवावी, यालाच डिदरिंग म्हणतात. असे न केल्यास संवेदकातील सदोष पिक्सेल स्टॅकमध्ये तिरक्या पावसासारख्या रेघा उमटवतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

टप्पा ६ : कॅलिब्रेशन फ्रेम

कॅमेरा आणि लेन्स यांचे स्वतःचे दोष पुढे चित्रातून काढता यावेत म्हणून घेतलेल्या या फ्रेम. कंटाळा येऊन सर्वाधिक वेळा गाळला जातो तो हाच टप्पा.

फ्लॅट : लेन्सच्या कडांचा काळोख आणि संवेदकावरील धुळीचे डाग यांवर हाच उपाय. लेन्सवर पांढरा सुती कपडा सुरकुती न पडता ताणून, पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे किंवा एकसमान उजेडाच्या पडद्याकडे रोखून ३० फ्रेम घ्याव्यात, हिस्टोग्राम मध्यावर असावा. फोकस, छिद्र आणि कॅमेऱ्याची स्थिती यांतील काहीही तोपर्यंत बदललेले नसावे. लेन्स काढून पिशवीत गेली की त्या रात्रीचे फ्लॅट गेले.

डार्क : संवेदकाच्या उष्णतेमुळे उमटणारे ठिपके काढण्यासाठी. झाकण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, त्याच एक्स्पोजरच्या आणि त्याच आयएसओच्या २०-३० फ्रेम. त्या माळावरच, थंडीत घ्याव्यात. घरी परतून खोलीच्या तापमानात घेतलेले डार्क उपकारापेक्षा अपकार अधिक करतात. ५ सेकंदांच्या संचासाठी वेगळे डार्क हवेत.

बायस : कॅमेऱ्याचा प्रत्येक फ्रेममध्ये असणारा पायाभूत संकेत काढण्यासाठी. झाकण लावून, सर्वांत कमी एक्स्पोजरच्या ५० फ्रेम. दोन मिनिटांचे काम.

टप्पा ७ : निवड आणि स्टॅकिंग

संगणकावर पुढील सर्व कामासाठी सिरिल हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्याची तयार स्क्रिप्ट चार फोल्डर शोधते: लाइट्स (lights, म्हणजे लक्ष्याच्या फ्रेम), डार्क्स (darks), फ्लॅट्स (flats) आणि बायसेस (biases). ही नावे इंग्रजीत, लहान लिपीत आणि अनेकवचनी ‘एस’सह अचूक नसतील तर स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर थांबते. प्रत्येक संचासाठी वेगळे मूळ फोल्डर करावे.

त्याआधी लांब संचातील प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून घालावी. ढग, वाऱ्याचा धक्का, दव किंवा लांबलेले तारे असलेल्या फ्रेम निर्दयपणे काढाव्यात. विमाने आणि उपग्रह यांच्या रेघा असलेल्या फ्रेम मात्र ठेवाव्यात, कारण पुरेशा फ्रेम असल्या तर सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमपेक्षा फार वेगळ्या किमती गाळणारी पद्धत) त्या रेघा आपोआप वगळते.

तपासणी: तयार झालेले चित्र जवळजवळ काळे दिसेल. ते बिघडलेले नाही, ते रेषीय अवस्थेत, म्हणजे अजून न उजळवलेले, आहे. ‘ऑटोस्ट्रेच’ दर्शन निवडले की तेजोमेघ प्रकट होतो, पण ते फक्त पडद्यावरचे दृश्य असते. त्याच अवस्थेत फाइल साठवून ‘सगळे काळे का आले’ असे विचारणे ही नवख्यांची अगदी ठरलेली चूक आहे.

टप्पा ८ : रेषीय अवस्थेतील कामे

येथे क्रम अदलाबदल करू नये. प्रथम कडा कापाव्यात, कारण डिदरिंगमुळे तेथे अपुरा प्रकाश साठलेला असतो आणि तो पुढचा हिशेब चुकवतो. आखूड संचाचा स्टॅक लांब संचाच्या स्टॅकशी जुळवून घ्यावा आणि दोन्हींवर सारखीच कात्री चालवावी.

मग पार्श्वभूमीतील चढउतार काढावा. सॉफ्टवेअरने आपोआप टाकलेले नमुना-बिंदू तसेच स्वीकारू नयेत. तेजोमेघाभोवती अंधुक धुळीचे पडदे दूरवर पसरलेले असतात आणि त्यांच्यावर पडलेला प्रत्येक बिंदू ‘हे प्रकाशप्रदूषण आहे’ असे सांगून ती धूळ पुसून टाकतो. तेजोमेघाजवळचे बिंदू काढावेत, थोडेच ठेवावेत आणि पहिल्या घाताच्या साध्या प्रतलापासून सुरुवात करावी.

त्यानंतर लेन्सचे मिलिमीटर आणि पिक्सेलचा आकार भरून चित्राची आकाशातील जागा ओळखून घ्यावी आणि ताऱ्यांच्या ज्ञात रंगांवरून रंगसमतोल साधावा. हे पार्श्वभूमी सपाट करण्याआधी केले तर रंग पुन्हा बिघडतात. ‘हिरवा गोंगाट काढा’ ही आज्ञा या विषयावर जपून वापरावी: गाभ्यातील हिरवट निळी छटा ऑक्सिजनची, म्हणजे खरी आहे. गोंगाट सौम्यपणे कमी करायचा असल्यास तोही याच अवस्थेत करावा.

टप्पा ९ : स्ट्रेच आणि गाभ्याची जोडणी

स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळवणे, एका झटक्यात न करता तीन-चार छोट्या पावलांत करावा आणि प्रत्येक पावलानंतर हिस्टोग्रामची डावी कड पाहावी. काळा बिंदू (ज्याखालचे सारे पूर्ण काळे होते ती सीमा) डोंगराच्या पायथ्यात घुसला की अंधुक धूळ कायमची जाते. आकाश काळेभोर दिसावे हा मोह आवरणे हेच येथले मुख्य कौशल्य आहे. ० ते २५५ च्या मापात पार्श्वभूमी २० ते ३० च्या दरम्यान राहिली म्हणजे ती नैसर्गिक दिसते.

आखूड संच वेगळा आणि फार हलका स्ट्रेच करावा, इतकाच की ट्रॅपेझियमचे तारे सुटे दिसतील. मग दोन्ही चित्रे १६ बिट टिफमध्ये गिम्पसारख्या संपादकात थरांवर ठेवावीत. लांब संचाच्याच एका प्रतीवरून मास्क (कोणता थर कुठे दिसेल हे ठरवणारे करडे चित्र) तयार करावा, तो चांगला धूसर करावा आणि त्यातून फक्त जळालेला भाग आखूड संचाने भरावा. जोड दिसत असेल तर मास्क आणखी धूसर हवा. गाभा भोवतालापेक्षा गडद होणार नाही याकडे लक्ष द्यावे. तो तेजोमेघातील सर्वांत उजळ भाग आहे आणि जोडणीनंतरही तसाच दिसला पाहिजे.

ताऱ्यांचा फुगवटा टाळायचा असल्यास स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे काढून फक्त तेजोमेघावर रंग आणि तीव्रतेचे काम करावे, मग तारे परत मिसळावेत. रंगाची घनता वाढवताना शेजारच्या रनिंग मॅन तेजोमेघाकडे पाहत राहावे. तो परावर्तित प्रकाशामुळे निळा आहे, आणि तो जांभळा दिसू लागला की हात आखडावा.

टप्पा १० : साठवण

पडद्यावरील चित्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पडद्यावर, शक्यतो मोबाइलवर पाहूनच अंतिम करावे. प्रकाशित करण्यासाठी एसआरजीबी रंगपटातील जेपेग पुरेसे आहे, परंतु रेषीय फिट्स (खगोलचित्रांच्या स्वरूपातील) फाइल आणि सर्व मूळ रॉ फ्रेम जपून ठेवाव्यात. पुढच्या हिवाळ्यात त्याच लेन्सने घेतलेल्या फ्रेम यांत मिसळता येतात. मात्र प्रत्येक रात्रीच्या फ्रेम आधी त्या-त्या रात्रीच्या फ्लॅटने स्वतंत्र कॅलिब्रेट कराव्यात आणि मगच एकत्र स्टॅक कराव्यात. म्हणून फोल्डरच्या नावात तारीख, एक्स्पोजर, आयएसओ आणि लेन्स ही नोंद पहिल्याच रात्री करून ठेवावी.